हृदयापर्यंतची नलिका आणि मनाची शिथिलता : एका शतकाचा प्रवास

सन १९२९ या एकाच वर्षी, परस्परांस पूर्णतः अपरिचित असलेल्या दोन वैद्यकांनी दोन निरनिराळ्या खंडांत दोन कामे केली. एकाने माणसाच्या जिवंत हृदयापर्यंत जाण्याची वाट शोधली; दुसऱ्याने माणसाचे ताणलेले शरीर सैल कसे करावे याचे शास्त्र ग्रंथबद्ध केले. या दोन वाटा एकमेकींना मिळण्यास मात्र पुढे पन्नास वर्षे लागली. आज अँजिओग्राफी वा अँजिओप्लास्टी हे शब्द ज्या घरात ऐकलेले नाहीत असे घर आपल्या समाजात क्वचितच सापडेल. पहिल्या वाटेचा इतिहास वर्तमानपत्रांतून अधूनमधून येतो, दुसरीचा फारसा येत नाही. म्हणून तो येथे थोडा विस्ताराने मांडला आहे.

पहिली कथा जर्मनीतील बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड या गावची. तेथील रुग्णालयात वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला तरुण डॉक्टर उमेदवारी करीत होता. हाताच्या शिरेतून बारीक नलिका आत सरकवीत नेली तर ती हृदयापर्यंत सुखरूप पोहोचेल, असे त्याचे मत होते. वरिष्ठांनी या प्रयोगास स्पष्ट नकार दिला. फोर्समानला निर्जंतुक साहित्य हवे होते आणि त्याची किल्ली एका परिचारिकेकडे होती. तिने प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. फोर्समानने तिला टेबलावर झोपवून बांधले, तिचा हात तयार करीत असल्याचा बहाणा केला आणि नलिका प्रत्यक्षात स्वतःच्याच डाव्या हातात घातली! मग तिला मोकळे करून दोघे क्ष-किरण विभागात गेले. आरशात पाहत पाहत त्याने ती ६५ सेंटिमीटर आत सरकविली आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात टेकलेल्या टोकाचे चित्र घेतले. वेदना फारशी नव्हती, शिरेत ऊब जाणवली, असे त्याने नमूद केले आहे. या धाडसाबद्दल त्या काळी कौतुकापेक्षा उपेक्षाच त्याच्या वाट्याला आली. पुढे तो मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून काम करीत राहिला. आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स या अमेरिकेत काम करणाऱ्या दोघा वैद्यकांनी त्याची कल्पना पुढे नेली व १९५६ साली तिघांना मिळून नोबेल पारितोषिक प्राप्त झाले.

या प्रसंगातील एक बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. हृदयात नलिका घातली गेलेला हा पहिला मनुष्य संपूर्ण जागा होता. पुढेही बहुतांशी तेच चालू राहिले. छाती उघडून करावयाच्या शस्त्रक्रियेत रुग्णास पूर्ण भूल दिली जाते. नलिकेच्या उपचारात मात्र सामान्यतः टोचण्याच्या जागेपुरती बधिरता आणि लागल्यास थोडे गुंगीचे औषध एवढेच असते. याचे कारण केवळ काटकसर नव्हे. रुग्णाचे सहकार्य डॉक्टरांना हवे असते. श्वास रोखा, सोडा, खोकला, छातीत काही होते का ते सांगा, असे त्यास वारंवार विचारले जाते. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १९५८ साली डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून चुकून रंगद्रव्य थेट हृदयाच्या उजव्या धमनीत गेले, तेव्हा सव्वीस वर्षांच्या त्या रुग्णाचे हृदय क्षणभर थांबले. सोन्स यांनी ओरडून त्यास खोकावयास सांगितले. तो खोकला, ठोके पुन्हा सुरू झाले आणि त्याच अपघातातून कोरोनरी अँजिओग्राफीचा जन्म झाला. तो तरुण बेशुद्ध असता तर खोकला कोण असता?

स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे १६ सप्टेंबर १९७७ रोजी डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयाची अरुंद झालेली धमनी प्रथम रुंद केली. तोही अडतीस वर्षांचा रुग्ण जागाच होता. त्या वेळी त्यास छातीत दुखले नाही, याचेच उपस्थितांस आश्चर्य वाटले. सर्वांचे तसे होत नाही. फुगा फुगलेला असताना रक्तप्रवाह काही क्षण अडतो व छातीत दाब वा कळ येऊ शकते. भारतात हे उपचार १९८० च्या दशकात रुजले, चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कळरिकल यांचे नाव त्या आरंभकाळाशी निगडित आहे.

म्हणजे चित्र असे उभे राहते. थंडगार खोली, अंगावर हिरवी वस्त्रे, डोक्यावर फिरणारे यंत्र, अनोळखी भाषेत बोलणारी माणसे, आणि या सर्वांच्या मध्यभागी जागा, निश्चल पडून राहावयास सांगितलेला एक भयभीत जीव. नातेवाईक दाराबाहेर. आणि भय ही केवळ मनाची गोष्ट राहत नाही. भयाने शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, हृदयाचे श्रम वाढतात. ज्या अवयवाला विश्रांती हवी त्यालाच अधिक राबावे लागते. माँट्रिऑलचे डॉ. कांपो यांनी १९८९ साली मनगटातून अँजिओग्राफी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली व ॲमस्टरडॅमच्या डॉ. कीमेनाय यांनी १९९२ पासून त्याच वाटेने अँजिओप्लास्टी सुरू केली. मांडीऐवजी मनगट, यामुळे रुग्णाची मोठीच सोय झाली. परंतु मनगटाची धमनी बारीक व हळवी असते. ॲड्रेनॅलिनने ती आकसते, नलिकेभोवती आवळते, हात दुखू लागतो. दुखण्याने भय वाढते आणि भयाने धमनी आणखी आवळते. हे दुष्टचक्र औषधाने तोडता येतेच. मात्र ते दुसऱ्या बाजूनेही सैल करता येईल काय, हा प्रश्न दुसऱ्या कथेकडे नेतो.

शिकागोचे डॉ. एडमंड जेकबसन यांचा ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हा ग्रंथ १९२९ सालीच प्रसिद्ध झाला. स्नायू पूर्णपणे सैल असताना मन चिंताग्रस्त राहू शकत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी त्यांनी एक साधी युक्ती योजली. एकेक स्नायुसमूह प्रथम हलकेच आवळावा, ताण कसा असतो ते ओळखावे, मग सोडावा आणि सुटल्यावर काय वाटते ते लक्षपूर्वक पाहावे. मूठ, दंड, खांदा, कपाळ, जबडा, पोट, मांडी, पाऊल, असा हा क्रम. माणसास आपण ताणलेले आहोत हेच मुळी कळत नसते, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्या कोणाही व्यापाऱ्याने संध्याकाळी आपले खांदे कानांच्या किती जवळ गेले आहेत ते एकदा पाहावे. जेकबसन यांची पद्धत फार वेळखाऊ होती, शिकण्यास महिनोन्‌महिने लागत. डॉ. जोसेफ वोल्पे यांनी १९५० च्या दशकात ती आखूड केली आणि त्यानंतरच ती सामान्य रुग्णाच्या आवाक्यात आली. जर्मनीत डॉ. योहान्नेस शुल्ट्झ यांनी १९३२ साली हात जड होत आहे, ऊबदार होत आहे, अशा भावनेवर आधारलेली निराळी पद्धत मांडली.

महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे आणि तो येथील लोकांसही फारसा ठाऊक नाही. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी करण्याचा पायंडा पाडला. पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील ख्यातनाम हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी कैवल्यधामच्या डॉ. विनेकर व अन्य सहकाऱ्यांसमवेत उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना शवासन शिकविले. त्याचा वृत्तांत १९६९ साली ‘अँजिऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अनेकांचा रक्तदाब उतरला, काहींची औषधे कमी करता आली. इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये वीस रुग्णांवरील असाच अभ्यास प्रसिद्ध केला. हे काम रक्तदाबाचे होते, नलिकेच्या उपचाराचे नव्हे; तथापि केवळ निश्चल पडून श्वासाकडे लक्ष दिल्याने हृदय व रक्तवाहिन्यांवर मोजता येईल असा परिणाम होतो, ही गोष्ट मुंबईत यंत्र लावून पाहिली गेली, हे महत्त्वाचे.

हार्वर्ड येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली ‘द रिलॅक्सेशन रिस्पॉन्स’ हे पुस्तक लिहिले. भय उत्पन्न झाले असता शरीर जसे झुंजीस वा पलायनास सज्ज होते, तशीच त्याच्या उलट दिशेची, शांतीची प्रतिक्रियाही शरीरात उपजत असते, असे त्यांनी मांडले. ती जागृत करण्याची कृती अगदी सोपी आहे. स्वस्थ बसावे, डोळे मिटावेत, पायापासून चेहऱ्यापर्यंत स्नायू सैल सोडावेत आणि प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एक शब्द मनात म्हणावा. मन भरकटले तर चिडू नये, पुन्हा शब्दाकडे यावे. दहा ते वीस मिनिटे, दिवसातून दोनदा. पुढे त्यांनी असेही सुचविले की हा शब्द रुग्णाच्या स्वतःच्या श्रद्धेतील असल्यास उत्तम. ज्याच्या ओठी बालपणापासून नवकार आहे, त्यास शब्द शोधण्यास दूर जावे लागणार नाही हे उघड आहे.

येथे सुज्ञ वाचकांस कायोत्सर्गाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. षडावश्यकांतील हे एक आवश्यक. शरीर हलू न देणे, वाणी थांबविणे, चित्त एकाग्र करणे आणि देहावरील ममत्व सोडणे, असे त्याचे स्वरूप. श्रवणबेळगोळ वा कुंभोज येथील बाहुबलींच्या मूर्तीकडे पाहिले तरी जबड्यापासून बोटांपर्यंत कोठेही ताण दिसत नाही. आचार्य तुलसी व आचार्य महाप्रज्ञ यांच्या प्रेरणेने १९७५ साली, म्हणजे बेन्सन यांच्या पुस्तकाच्याच वर्षी, प्रेक्षाध्यान हे नाव रूढ झाले. त्यात कायोत्सर्ग ही शिथिलीकरणाची पहिली पायरी म्हणून शिकविली जाते. तथापि उत्साहाच्या भरात पाश्चात्त्यांनी हे सर्व आपल्याकडूनच घेतले असे म्हणणे उचित नाही. जेकबसन यांनी आपली पद्धत स्नायूंचा अभ्यास करून स्वतंत्रपणे उभी केली. शिवाय कायोत्सर्गाचे प्रयोजन निर्जरा आहे, वेदनाशमन नव्हे. ज्यास त्याचा सराव आहे त्यास उपचाराच्या टेबलावर त्याचा उपयोग होईल, एवढे मात्र निःशंक म्हणता येते.

आता दोन वाटांच्या भेटीचा वृत्तांत. १९७९ साली, म्हणजे त्या १९२९ नंतर बरोबर पन्नास वर्षांनी, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे फिलिप केंडल व सहकाऱ्यांनी हृदयात नलिका घालावयाच्या ४४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना उपचाराची नीट माहिती दिली, काहींना भयाचे विचार ओळखून आवरण्याचे शिक्षण दिले. दोन्ही गटांतील रुग्ण इतरांपेक्षा कमी चिंताग्रस्त होते. १९८६ साली परिचर्येच्या एका संशोधनपत्रिकेत नलिकेपूर्वी शिथिलीकरण शिकविण्याचा लहानसा प्राथमिक प्रयोग आला. १९९० साली बेन्सन यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या धमनीतून तपासणी होणाऱ्या ४५ रुग्णांच्या कानास ध्वनिफीत लावली. काहींना शिथिलीकरणाच्या सूचना, काहींना संगीत, काहींना कोरी फीत. शिथिलीकरणाच्या सूचना ऐकणाऱ्यांची चिंता व वेदना दोन्ही कमी भरल्या आणि औषधाची मागणीही कमी झाली. संगीताने तेवढे साधले नाही, ही गंमत ध्यानात घेण्यासारखी आहे.

सर्वांत काटेकोर हिशेब मात्र डॉ. एल्व्हिरा लँग यांनी केला. त्यांचा २४१ रुग्णांचा अभ्यास एप्रिल २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. हे उपचार रक्तवाहिन्या व मूत्रपिंडाचे होते, हृदयाच्या धमन्यांचे नव्हेत. परंतु नलिका तीच, टेबल तेच आणि रुग्णही तसाच जागा. एका गटास नेहमीची वागणूक, दुसऱ्याजवळ आपुलकीने लक्ष देणारी प्रशिक्षित व्यक्ती, आणि तिसऱ्यास अशा व्यक्तीबरोबरच स्वसंमोहनात्मक शिथिलीकरण. नजर वर न्यावी, पापण्या हळूच मिटाव्यात, खोल श्वास घ्यावा, सोडताना डोळे सैल सोडावेत, शरीर हलके तरंगत आहे असे अनुभवावे, एवढीच ती कृती. वेदनेवरील औषध तिन्ही गटांस मागताच मिळत होते. पहिल्या दोन गटांत वेळ जाईल तशी वेदना चढत गेली. तिसऱ्या गटात ती जवळपास सपाट राहिली. रक्तदाब वा नाडी धोकादायकरीत्या ढासळण्याचे प्रसंग नेहमीच्या गटात १२ जणांवर, लक्ष देण्याच्या गटात १० जणांवर आले. शिथिलीकरणाच्या गटात केवळ एकावर. नेहमीच्या गटात उपचारास सरासरी ७८ मिनिटे लागली, शिथिलीकरणाच्या गटात ६१; म्हणजे एका सामायिकाहून थोडा अधिक काळ.

व्यापारी मनास पुढचा आकडा रुचेल. २००२ साली याच कामाचा जमाखर्च मांडण्यात आला. नेहमीच्या पद्धतीत गुंगीवरचा व तत्संबंधी खर्च प्रत्येक उपचारामागे सरासरी ६३८ डॉलर, शिथिलीकरणाची जोड दिल्यास ३०० डॉलर. म्हणजे ज्या वस्तूची किंमत कोणी लावत नाही, ती निम्म्याहून अधिक बचत करून देत होती.

लँग यांच्या पुढील कामातून आणखी एक गोष्ट निघाली, ती भेटीस जाणाऱ्या प्रत्येकाने जाणावी. २००५ साली त्यांनी उपचारांच्या ध्वनिचित्रफिती तपासल्या, तेव्हा असे दिसले की सुई टोचण्यापूर्वी “आता दुखेल”, “जरा झोंबेल” असे सांगितले तर रुग्णाची वेदना व चिंता कमी न होता वाढते, आणि नंतर “फार दुखले ना?” अशी सहानुभूती दाखविली तर चिंता वाढते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या, अर्बुदावरील उपचारांच्या २०१ रुग्णांच्या अभ्यासात तर नुसती सहानुभूती दाखविलेल्या गटात त्रासदायक घटना इतक्या वाढल्या की तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला. प्रेमाने जवळ बसणे पुरेसे नसते. रुग्णाच्या हाती स्वतः करावयाचे काही काम द्यावे लागते. अँजिओग्राफीच्या आदल्या रात्री खाटेभोवती जमून ओळखीतल्या कोणाचे काय झाले याच्या कथा सांगण्याची आपल्याकडे जी रीत आहे, तिचे मोल या निष्कर्षांवरून ज्याने त्याने ठरवावे. वचनगुप्तीचा असाही एक अर्थ असू शकतो.

प्रत्येक अभ्यासाने अनुकूलच कौल दिला असे मात्र नाही, आणि ते सांगणे प्रामाणिकपणाचे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. मिचेल क्रुकॉफ व त्यांच्या सहकारी सुझान क्रेटर यांना पुट्टपर्ती येथील सत्य साई संस्थेच्या रुग्णालयात तेथील भक्तिमय शांतता पाहून या विषयात रस निर्माण झाला. त्यांच्या अभ्यासाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे ‘मंत्र’ अशी होतात. २००५ साली त्याचा दुसरा टप्पा प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील नऊ केंद्रांत, हृदयात नलिका घालावयाच्या ७४८ रुग्णांपैकी काहींना संगीत, श्वास व कल्पनाचित्रे आणि स्पर्श यांची जोड देण्यात आली. काहींसाठी दूरवरून प्रार्थना करण्यात आली. मुख्य वैद्यकीय परिणामांत कोणत्याही गटाचा ठळक फरक आढळला नाही. संगीत-श्वास-स्पर्शाच्या गटाची उपचारापूर्वीची व्याकुळता मात्र कमी झाली. शिथिलीकरणाने बंद धमनी उघडत नाही, गाठ विरघळत नाही. छातीत कळ आली असता आधी दवाखाना गाठावयाचा, डोळे मिटून बसावयाचे नाही. त्याचे कार्यक्षेत्र निराळे आहे. धमनी डॉक्टर उघडतात, त्या तासाभरात टेबलावरील माणसाचे काय होते, एवढ्यापुरते ते आहे.

हे सर्व ऐनवेळी साधत नाही. तारीख ठरल्यापासून रोज दोन वेळा दहा मिनिटे सराव केला तर त्या दिवशी शरीर वाट ओळखते. घरातील एकाने शांत आवाजात सूचना वाचाव्यात, रुग्णाने त्या ऐकत पडावे. पुढे आवाजाची गरज राहत नाही. उच्छ्वास श्वासापेक्षा लांब ठेवावा. दात एकमेकांपासून सुटलेले असावेत, जीभ सैल असावी. जेकबसन यांच्या पद्धतीप्रमाणे आवळणे-सोडणे घरीच करावे. टेबलावर केवळ सोडणे, कारण तेथे हालचाल चालत नाही. ज्या हातातून नलिका जाणार तो तर अजिबात आवळू नये. डॉक्टरांनी श्वास रोखण्यास सांगितले तर आपली लय बाजूस ठेवून तसेच करावे आणि छातीत, हातात वा पाठीत काही दुखले तर शांत राहण्याच्या नादात ते लपवू नये, तत्काळ सांगावे. गुंगीचे औषध सुचविल्यास नाकारू नये. कानात ध्वनिफीत चालेल का, मनात जप करताना ओठ हलले तर चालेल का, हे आदल्या दिवशीच तेथील परिचारिकेस विचारून ठेवावे.